मंडळाच्या निळ्या सायकलची मागची डिस्क (ब्रेकची चकती) घासतेय, शनिवारच्या आत हवी आहे

प्रेषक: ताई

निळी, मोठ्या फ्रेमची. गाडीतून उतरवल्यापासून मागचं चाक मोकळं फिरत नाही. हाताने जोरात फिरवलं तरी लगेच थांबतं आणि खस्स आवाज येत राहतो. शनिवारी ती नव्या कुटुंबातल्या मुलीला द्यायची ठरली आहे. असा लागलेला ब्रेक ओढत ती चढ कसा चढणार?

कॅलिपरचे (चकतीला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणाऱ्या भागाचे) दोन्ही बोल्ट सैल केले, लिव्हर दाबून धरला आणि पुन्हा आवळले. थोडा वेळ बरं वाटलं, दोन-चारदा ब्रेक मारल्यावर परत तेच. डिस्क वाकली असणार. चकती सरळ करायचा चिमटा कुणाकडे आहे? आज संध्याकाळी येऊन घेऊन जाईन.

प्रेषक: अण्णा

चिमटा माझ्याकडे आहे, पण आत्ता देणार नाही. ताई, रागावू नका. मागच्या वर्षी पांढऱ्या सायकलची चांगली चकती कशी लाटेसारखी झाली ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

आधी सांगा, आवाज सलग येतो की फेरीत एकदाच? वाकलेली चकती ठरावीक जागीच घासते: खस्, मग शांत, मग पुन्हा खस्. सलग घासत असेल तर चकतीचा दोष नाही. चाक नीट बसलेलं नाही, कॅलिपर तिरका आहे किंवा पिस्टन (पॅडला चकतीकडे ढकलणारा भाग) अडकला आहे.

चाक आधी बघा. सायकल जमिनीवर उभी ठेवून अ‍ॅक्सल (चाकाचा आस) पूर्ण सैल करा, खोगिरावर वजन टाका आणि मग आवळा. त्यानंतर कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरून फटीतून बघा. चकतीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे.

आणि मंडळाच्या अवजारांच्या पेटीतलं काहीही नेलं की वहीत लिहायचं. टी-२५ चा (चांदणीसारख्या टोकाचा) पाना कुणाकडे आहे ते अजून कळलेलं नाही.

प्रेषक: बापू

ताई, सायकल सरळ उलटी करा, खोगीर आणि हँडलवर. फट समोर दिसते, वाकावं लागत नाही. मी कायम असंच करतो.

प्रेषक: नाना

बापू, तेलाचा ब्रेक असलेली सायकल उलटी करू नये. लिव्हरच्या टाकीत थोडी हवा असली तर ती वर, म्हणजे नळीत चढते. मग लिव्हर हँडलपर्यंत पोकळ जातो. उतारावर हे चालणार नाही.

प्रेषक: बापू

नाना, ब्रेक नीट ब्लीड केलेला, म्हणजे तेलातली हवा काढलेला, असेल तर टाकीत हवा राहतेच कशाला? उलटी केल्यावर लिव्हर मऊ लागला, तर त्या ब्रेकला ब्लीड करायची गरज आहे एवढंच कळतं. आणि तेच कळलेलं बरं.

प्रेषक: वहिनी

उलटी-सुलटी नंतर ठरवा. ताई, गाडीत भरताना मागचं चाक काढलं होतं का? आणि मागच्या सीटवर मुलं होती ना?

प्रेषक: ताई

हो, चाक काढलं होतं आणि हँडल मुलांच्या मांडीवर. आवाज सलग येतो. अ‍ॅक्सल पुन्हा बसवून पाहिला, फरक नाही. कागद धरला तर उजवीकडे चांगली फट, डावीकडे काहीच नाही.

प्रेषक: वहिनी

मग वाटेत कुणीतरी लिव्हर दाबला आहे. चकती मध्ये नसताना लिव्हर दाबला की पिस्टन गरजेपेक्षा जास्त बाहेर येतात. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाचं रबरी कडं असतं. ब्रेक मारताना ते पिस्टनबरोबर किंचित पिळतं आणि सोडल्यावर पिस्टनला मागे ओढतं. पण पिस्टन फार पुढे गेला तर कड्यातून सरकतो आणि नव्या जागीच थांबतो. म्हणून चाक काढलं की पॅडमध्ये प्लास्टिकची चकती घालायची. ती नव्या ब्रेकबरोबर येते आणि सगळे फेकून देतात.

तुमची लिव्हर दाबून मध्य साधायची युक्ती चांगली आहे, पण ती दोन्ही पिस्टन सारखे हलत असतील तरच चालते. एक आळशी असेल तर कॅलिपर चुकीच्या जागी आवळला जातो.

प्रेषक: अण्णा

वहिनी बरोबर. चाक आणि पॅड काढा, टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्टीने दोन्ही पिस्टन आत ढकला. धातूचा स्क्रू-ड्रायव्हर नको, पिस्टन सिरॅमिकचा असला तर तुटतो. मग लिव्हर हळूच दाबा, कोणता आधी येतो बघा. त्याला पट्टीने अडवून दुसरा २-३ मिलिमीटर बाहेर येऊ द्या, त्याहून जास्त नको, नाहीतर निघूनच येईल आणि तेल सांडेल. कडेची काळी घाण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ब्रेकचंच तेल थेंबभर लावा, आत ढकला. दोन्ही सारखे येईपर्यंत पुन्हा पुन्हा करा. पॅड लांब ठेवा. तेल लागलेला पॅड पुन्हा पहिल्यासारखा धरत नाही.

प्रेषक: नाना

तेल कुठलं? पेटीत दोन बाटल्या आहेत, एकीवरचं लेबल निघालंय.

प्रेषक: अण्णा

लेबल नसलेली बाटली कुणीही वापरू नये, मी उद्या टाकून देतो. शिमानो आणि मगुराच्या ब्रेकला खनिज तेल लागतं, होपच्या ब्रेकला डॉट नावाचं वेगळं ब्रेक-तेल. चुकीचं तेल गेलं की रबरी कडी फुगतात आणि ब्रेक कामातून जातो. निळीच्या टाकीच्या झाकणावर लिहिलं आहे: खनिज तेल.

प्रेषक: ताई

केलं. डावा पिस्टन बाहेर येऊन तिथेच बसायचा, मागे फिरायचा नाही. साफ केल्यावर दोन्ही सारखे हलतात. मग बोल्ट सैल करून डोळ्यांनी फट साधली, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. चाक मोकळं फिरतंय! पण फेरीगणिक बारीक टिंग ऐकू येते. आता चिमटा?

प्रेषक: वहिनी

पॅडमधल्या स्प्रिंगचा पाय चकतीकडे वाकलाय का बघा. पॅड परत घालताना हटकून होतं. तसा पाय सलग किणकिणतो. फेरीत एकदाच असेल तर मात्र चकतीच.

प्रेषक: अण्णा

फेरीत एकदाच, म्हणजे आता चिमटा देतो. टिंग होते तिथे चकतीवर पेन्सिलने खूण करून ठेवा, मी सहाला येतो. जाडीही मोजू. नवी चकती साधारण १.८ मिलिमीटर असते, १.५ ला पोचली असेल तर सरळ करत बसायचं नाही, बदलायची. कॅलिपरचे बोल्टही टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या) ६ ते ८ न्यूटन-मीटरवर तपासू.

प्रेषक: नाना

अण्णा, येताय तर माझ्या लालचा पुढचा ब्रेकही बघा. तोही घासतो. वायरवाला आहे, त्यालाही पिस्टन साफ करायचा का?

प्रेषक: अण्णा

नाही. तुमच्या वायरवाल्यात एकच पॅड हलतो, आतला जागेवर असतो. आतल्या बाजूचा गोल नॉब एक-दोन खटके सैल करा, चकती मोकळी होईल. बाहेरचा पॅड वायरच्या ताणावर. आणि नाना, टी-२५ चा पाना तुमच्याकडे असेल तर ताईंकडे घेऊन या, चकतीचे सहाही बोल्ट तपासायचे आहेत.