'पाउंडिंग'ला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरवाली: नमस्कार मंडळी, अडलंय म्हणून विचारतेय. आमच्या भागातल्या सोसायट्यांसाठी भूकंपावरची एक छोटी पुस्तिका मराठीत करतेय, त्यात जवळजवळ खेटून बांधलेल्या इमारतींवर एक प्रकरण आहे आणि दोन शब्दांनी छळ मांडलाय. पहिला पाउंडिंग, म्हणजे भूकंपात शेजारच्या इमारती एकमेकींवर परत परत आपटतात ते. कोशात कुटणे, कांडणे, चेचणे, म्हणजे मसाला डोळ्यासमोर येतो. मी 'धडक' लिहिलं तर तपासणाऱ्या इंजिनिअरनी खोडलं, म्हणाले धडक एकदा बसते, हे परत परत होतं. दुसरा सायस्मिक गॅप. एका यादीत 'भूकंपरिक्त पट्टा' सापडला, तोच घातला, तर तोही चूक म्हणे. शुक्रवारी छापायला द्यायचंय.

आरसीसी_वाला: ताई, दुसरं चुकलंच आहे, कारण सायस्मिक गॅप हे दोन वेगळ्या लोकांचे दोन वेगळे शब्द आहेत. भूगर्भवाले म्हणतात तो प्रस्तरभंगाचा (जमिनीतल्या मोठ्या भेगेचा) असा तुकडा जिथे खूप वर्षं मोठा भूकंप झालेला नाही, उदा. मेक्सिकोतला गेरेरोचा पट्टा. आमचा गॅप म्हणजे दोन इमारतींमधली नुसती फट. आयएस ४३२६ (आयएस म्हणजे भारतीय मानक) मध्ये आरसीसी फ्रेमला (काँक्रीटच्या खांब-तुळयांच्या सांगाड्याला) मजल्यामागे २० मिमी असा ठोकताळा आहे, म्हणजे पाच मजल्यांना १०० मिमी, आपली वीत त्याहून मोठी. आयएस १८९३ प्रमाणे नीट हिशेब करायचा तर दोन्ही इमारती किती झुकतील त्याची बेरीज धरतात.

आणि पाउंडिंग का होतं ते कळलं तर शब्द सुचेल. प्रत्येक इमारतीचा झोका वेगळा. ढोबळ हिशेब, मजले भागिले दहा एवढे सेकंद, म्हणजे चार मजलीचा झोका ०.४ सेकंदाचा आणि शेजारच्या दहा मजलीचा १ सेकंदाचा. एक इकडे येत असते तेव्हा दुसरी तिकडे जातेय किंवा हिच्याच अंगावर येतेय. फट कमी असेल तर आपटणारच, आणि हादरे थांबेपर्यंत आपटत राहणार.

शब्दवेडा_नाशिक: संस्कृतात तयार शब्द आहे, संघट्टन. एकमेकांवर घासणे, आपटणे. आपलं धन पडून असताना कोशातले कुटणे-कांडणे कशाला?

भाषांतरवाली: काका, शब्द अर्थाला चोख आहे पण सोसायटीच्या नोटिस बोर्डावर 'इमारतींचे संघट्टन' लिहिलं तर लोक संघटन वाचतील आणि फेडरेशनची मीटिंग आहे समजतील.

शब्दवेडा_नाशिक: वाचकाला एक 'ट' जास्त वाचायला लावण्यात काय वाईट आहे? भाषा अशीच टिकते. पाउंडिंगच ठेवायचं असेल तर मग पुस्तिका मराठीत तरी कशाला करता?

आरसीसी_वाला: साइटवर सगळे पाउंडिंगच म्हणतात हो. मिस्त्रीलाही कळतं. मला विचाराल तर 'टकरी'. एडक्यांच्या टकरी लावतात ना, एक मारून थांबत नाहीत. आणि अनेकवचनातच वापरायचा, म्हणजे परत परत हे आपोआप आलं.

कोयनाकाठची: माझी आजी पाटणकडची. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हाचं सांगताना ती नेहमी म्हणायची, 'घरं एकमेकींना ढुशा देत हुती.' वासरू गाईला देतं ना, तसं. पाउंडिंग हा शब्द तिनं जन्मात ऐकला नव्हता. ढुशी चालणार नाही का?

शब्दवेडा_नाशिक: ढुशी बोलीत गोड आहे. छापील पुस्तिकेत?

कोयनाकाठची: का नाही? बोलीतला शब्द छापला की तो छापील होतो. आजीनं ते डोळ्यांनी बघितलंय, संघट्टन कुणी बघितलंय?

सदाशिवातली: मला शब्दापेक्षा वेगळीच शंका. आमचा वाडा आणि शेजारचा, मधली भिंतच समाईक. फटच नाही तर आपटणार कसं?

आरसीसी_वाला: खरंच समाईक भिंत असेल तर दोन्ही वाडे एकत्र हलतात. पण नुसते चिकटून असतील तर आधी ओढले जाऊन फाकतात, मग आपटतात. आणि ओळीत असतील तर टोकाच्यावर जास्त भार येतो. कॅरमच्या सोंगट्या रांगेत चिकटवून एका बाजूनं मारलं की शेवटची उडते, तसंच. वर मजले एका पातळीत नसले तर सगळ्यात वाईट, कारण एकाचा स्लॅब दुसऱ्याच्या कॉलमच्या पोटात जाऊन आदळतो. पातळी जुळत असेल तर २००२ चं आयएस १८९३ जवळपास निम्मी फट चालवून घ्यायचं ते याचसाठी.

मेक्सिको सिटीत १९८५ च्या भूकंपात हे मोठ्या प्रमाणावर बघायला मिळालं. १९ सप्टेंबर, तीव्रता ८, केंद्र किनाऱ्याजवळ, शहरापासून ३५० किमीच्या पुढे. पण शहर वसलंय जुन्या तळ्याच्या चिकणमातीवर, ती जमीन दर दोन सेकंदांनी झुलत राहिली आणि ६ ते १५ मजल्यांच्या इमारती तिच्या तालात सापडल्या. पडलेल्या किंवा जबर नुकसान झालेल्या ३३० इमारतींपैकी ४० टक्क्यांत आपटल्याच्या खुणा असल्याचं तेव्हा नोंदलं गेलं, पुढे काही अभ्यासकांनी हा आकडा जास्त आहे असंही म्हटलं.

गिरगावकर: फटीला शब्द आहे की आपल्याकडे, घरगल्ली! दोन चाळींच्या मधली, पाइप आणि कचऱ्याची. मुंबईत कुणालाही विचारा.

आरसीसी_वाला: घरगल्लीतून माणूस जातो. ही फट हात घालायचीसुद्धा नाही. पण तुमच्या घरगल्लीवरून आठवलं, लोक ही फट भरून टाकतात हो. बांधतानाच सेंट्रिंगच्या फळ्या आत राहतात, प्लास्टरचा माल पडतो, वरून पत्रा ठोकला की कुणाला दिसत नाही. कागदावर १०० मिमी आणि आत राडारोडा. अशी फट असून नसल्यासारखी. ताई, शब्द कुठलाही घाला पण हे वाक्य पुस्तिकेत घालाच, ठळक अक्षरात.

सदाशिवातली: मग 'सांदी' म्हणा. गंमत बघा, सांधा आणि सांदी दोन्ही संधीवरून आलेत, म्हणजे जोडतं तेही तेच आणि मधे उरतं तेही तेच. तुमच्या एक्स्पान्शन जॉइंटला (इमारतीच्या दोन भागांच्या सांध्यात मुद्दाम ठेवलेल्या फटीला) हे तंतोतंत लागू पडतं.

शब्दवेडा_नाशिक: ही व्युत्पत्ती मान्य. पण मग 'भूकंप-संधी' का नाही?

कोयनाकाठची: भूकंपाची संधी?! नको हो, वाचणारा काय समजेल.

गिरगावकर: सांदी म्हटलं की उंदीर आणि हरवलेला चेंडू आठवतो. बोळ?

सदाशिवातली: बोळ म्हणजे घरगल्लीच झाली की परत. आणि तो बोळ का ती बोळ? आमच्याकडे तो.

गिरगावकर: आमच्याकडे ती.

भाषांतरवाली: मंडळी, 'भूकंप-फट' असं तूर्त लिहिलंय, आणि ती भरू नका हे वाक्य घातलंय. पाउंडिंगला टकरी की ढुशा, एवढं सांगता का? उद्या शुक्रवार.

शब्दवेडा_नाशिक: बोळ मी पुल्लिंगीच ऐकलाय. जुन्या कोशात बघून सांगतो.