वाकवलेल्या लाकडाची खुर्ची: थोनेट की नक्कल? भाव किती धरावा?

अडगळवाला:
आजोबांची खुर्ची माझ्याकडे आली आहे. पाठ आणि मागचे पाय एकाच वाकवलेल्या दांडीचे, आत अजून एक कमान, खाली चारही पायांना धरणारं लाकडी कडं. बैठक गोल, वेताची, मधोमध फाटलेली. घरातले छातीठोकपणे सांगतात, ही थोनेटच, म्हणजे त्या जुन्या नामांकित फर्निचर कंपनीची. पॉलिश करून विकू का?

रंधापटाशी:
आधी तो पॉलिशचा डबा बाजूला ठेवा! मूळ लेप एकदा खरवडला की परत येत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक आधी तोच बघतं.

खुर्ची उलटी करा आणि बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूवर विजेरी तिरपी धरा. शिक्का किंवा कागदी चिठ्ठी असली तर बहुधा तिथेच. चिठ्ठी गळून पडली असेल, तरी तेवढ्या जागी लाकडाचा रंग कधीकधी वेगळा दिसतो.

वर्णन थोनेटच्या १४ नंबरशी जुळतं. १८५९ चं मॉडेल. बीच या युरोपी झाडाचं लाकूड वाफेवर वाकवून केलेले सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट, बस्स. पण नुसत्या घाटावर जाऊ नका. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि कोनसारख्या कंपन्यांनी हुबेहूब तशाच खुर्च्या काढल्या. कोनचा शिक्का निघाला तर नाक मुरडू नका, तेही मातब्बर नाव.

स्क्रूही बघा. अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकाआधीचा नाही. एखादाच तसा असला तर दुरुस्तीत बदललेला असेल. सगळेच तसे असले तर मला शंका येईल.

अडगळवाला:
स्क्रू सगळे एका सरळ खाचेचे. आतल्या बाजूला पुसट अक्षरं आहेत, शेवटचं ‘टी’ तेवढं लागतं. कड्याला सगळीकडून बारीक भोकं आहेत.

रंधापटाशी:
भोकं म्हणजे वेत हाताने विणलेला. तयार जाळी असती तर सलग खाच दिसली असती. विणकाम वेळखाऊ, त्यामुळे मजुरी आधी विचारा. कधीकधी ती खुर्चीच्या भावाला गाठते. ‘टी’ने थोनेट संपतं खरं, पण एका अक्षरावर नाव लावू नका. तिरप्या उजेडात फोटो काढून इथे टाका.

हातोडा:
भावाचं सांगतो. विकणाऱ्याने लावलेली किंमत म्हणजे नुसती आशा. लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या १४ नंबरचे आकडे काढा, त्यातही फाटक्या बैठकीचे वेगळे. या खुर्च्या कोट्यवधींनी बनल्या, त्यामुळे एकटीला फार मिळत नाही. सारख्या शिक्क्याच्या चार-सहा असतील तर गोष्ट वेगळी. अजून आहेत का घरात?