कार्बवाल्या जिप्सीत एस्टीमचं इंजिन टाकलंय, फ्युएल प्रेशर रेग्युलेटर कुठला घेऊ?

जिप्सीवेडा_सातारा
नमस्कार मंडळी, माझी ९८ ची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली. तिच्यात एस्टीमचं एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं इंजिन (जी१३बीबी) बसवलंय, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि वायरिंग पण त्याचंच. रेलवरचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरचा) मूळ रेग्युलेटर खराब निघाला म्हणून मेकॅनिकने बाजारातला ॲडजस्टेबल लावला, आणि पंप टाकला तासाला २५५ लिटरवाला, म्हणाला मोठाच टाकू. टाकीला परत जाणारी लाइन जुनीच आहे. आता गाडी स्टार्ट होते पण आयडलला काळा धूर, प्लग काळेकुट्ट, मागे बसणाऱ्याचं पेट्रोलच्या वासाने डोकं दुखतं आणि यवतेश्वरच्या घाटात तर नुसती अडखळते. गेजवर ४.२ बार दिसतंय, रेग्युलेटरचा प्रेशरचा स्क्रू पूर्ण ढिला केला तरी काटा खाली येत नाही. चांगल्यातला रेग्युलेटर घ्यायचा विचार आहे, कुठला घेऊ?

रॉकी८८
भावा रेग्युलेटर डुप्लिकेट असणार, बदलून टाक.

पाना_आणि_पक्कड
थांब, अजून पैसे घालू नकोस. स्क्रू पूर्ण ढिला असूनही ४.२ म्हणजे मला तरी रेग्युलेटरवर संशय नाही, रिटर्नवर आहे. रेग्युलेटर काय करतो, जास्तीचं पेट्रोल टाकीकडे सोडून देतो, पण पुढे जायला वाटच नसेल तर तो बिचारा काय करणार. हिशोब बघ, ८० बीएचपीच्या इंजिनाला फुल थ्रॉटलला तासाला साधारण २५ लिटर पेट्रोल लागतं, तुझा पंप देतोय २५५ च्या आसपास, म्हणजे सव्वादोनशेच्या वर लिटर दर तासाला परत जायला पाहिजे आणि आयडलला तर जवळपास सगळंच. कार्बच्या जमान्यातली ती बारीक लाइन एवढं कुठून नेणार?

खात्री करायची असेल तर गेज रेलवर ठेव, गाडी चालू असताना रेग्युलेटरचा व्हॅक्युमचा पाइप काढून बघ. रेग्युलेटर काम करत असेल तर काटा साधारण अर्धा बार वर चढतो. तुझा हलणारच नाही असं वाटतंय. मग इंजिन बंद, थंड झालेलं, मोकळ्या हवेत, रेग्युलेटरच्या रिटर्नला जाड होज लावून ती जेरीकॅनमध्ये सोड आणि फक्त पंप चालव. कॅन पाच मिनिटांत भरतो म्हणून थोडाच वेळ चालव. प्रेशर धाडकन खाली आलं तर लाइनच दोषी. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवूनच कर हे, एकट्याने नको.

आणि काळ्या धुराचं म्हणशील तर, आयडलला मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) अर्धा बारच्या वर व्हॅक्युम असतो, तो धरला तर इंजेक्टरवर फरक नेहमीच्या ३ बारच्या जागी पावणेपाच बारचा पडतोय. पेट्रोल वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतं, तरी २५ टक्के जास्तच जातंय. ईसीयू बिचारा किती कमी करणार.

कोल्हापूरी_४x४
वरच्या दादांशी सहमत. अजून एक, जुने कार्बचे होज ठेवले असशील तर आधी ते काढ. कार्बला जेमतेम पाव बार लागतो, इथे ३ बार आहे, वर आता पेट्रोल पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) मिळतंय, जुना रबर सुजतो नि भेगाळतो. इंजेक्शनसाठीचा होज घे, त्यावर जे३०आर९ छापलेलं असतं, आणि क्लिप साध्या दातेरी पट्टीच्या नको, गोल कडेच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या घे, दातेरीवाल्या रबर चिरतात. रेग्युलेटर रेलच्या नंतर, फायरवॉलवर, एक्झॉस्टपासून लांब. व्हॅक्युम थ्रॉटलच्या पुढून मॅनिफोल्डवरून थेट घे, ब्रेक बूस्टरच्या पाइपला टी मारून नको. त्या व्हॅक्युमच्या पाइपात कधी पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरमधला डायाफ्राम (लवचिक पडदा) फाटलाय समज, गाडी तिथेच बंद कर.

जिप्सीवेडा_सातारा
काल भावाला घेऊन टेस्ट केली. व्हॅक्युमचा पाइप काढला, काटा हललाच नाही. जेरीकॅनमध्ये रिटर्न सोडला आणि प्रेशर सरळ दीड बारवर, स्क्रू ढिलाच होता ना! म्हणजे रेग्युलेटर धडधाकट. जुनी लाइन काढून बघितली तर आत सुतळी जेमतेम जाईल एवढंच भोक होतं. पाना दादा, आता ८ एमएमची नवी लाइन टाकतोय, पण पंप हाच ठेवू का एस्टीमचा मूळ लावू?

पाना_आणि_पक्कड
मूळचाच लाव. टर्बो लावणार नसशील तर २५५ चा काही उपयोग नाही, टाकीतलं पेट्रोल उगाच फिरून फिरून गरम होतं आणि पंपाची वायर पण तापते. आणि सेटिंग करताना व्हॅक्युमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद कर, आयडलला ३ बार लाव, लॉकनट आवळ, मग पाइप परत जोड. अडीचच्या आसपास आलं पाहिजे.

जिप्सीवेडा_सातारा
मूळ पंप, नवी लाइन, नवे होज. पाइप काढून ३, जोडून २.४. धूर गेला. रविवारी कासपर्यंत जाऊन येतो, प्लगचा फोटो टाकतो.