युनिक्स शिकायचंय, तर पहिली प्रणाली लिनक्सच का?

उत्खनक (धागाकर्ता)

'युनिक्ससारखी एखादी ऑपरेटिंग सिस्टीम शिकायची आहे, कुठून सुरुवात करू?' असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: उबुंटू किंवा मिंट असा लिनक्सचा तयार संच (डिस्ट्रो) टाका, सगळं आपोआप चालतं. माझं मत याच्या उलट आहे. नुसतं वापरायचं असेल तर आपोआप चालणं हा गुण. शिकायचं असेल तर तोच अडथळा. म्हणून मी पहिली सिस्टीम म्हणून युनिक्सच्या बीएसडी शाखेतली फ्रीबीएसडी सुचवतो.

लिनक्स हे नाव खरं तर फक्त कर्नलचं, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या गाभ्याचं. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तो जाहीर केला. रोजच्या कमांड्स बहुतेक ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या, सेवा सुरू-बंद करणारं सिस्टमडी आणखी कुणाचं, आणि या सगळ्याची मोट बांधणारे डिस्ट्रोवाले वेगळेच. नवख्या माणसाला एखादी फाइल दिसली तर ती कुणी ठेवली, कशासाठी ठेवली, हे कळायला मार्ग नसतो. फ्रीबीएसडीत कर्नल, मूळ कमांड्स आणि त्यांची मॅन पानं (सिस्टीममधलीच माहितीपुस्तिका) एकाच भांडारात, एकाच प्रकल्पाच्या देखरेखीखाली असतात. दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायच्या ओपनएसएसएचसारखं बाहेरून घेतलेलंही तिथेच आणून बसवलेलं असतं. नंतर तुम्ही जे पॅकेज टाकाल ते 'यूएसआर-लोकल'खाली जातं, त्याच्या सेटिंग्जसुद्धा तिथल्याच 'ईटीसी'त. सिस्टीमचं काय आणि आपण घातलेलं काय, यातली सीमारेषा पहिल्या दिवसापासून डोळ्यांना दिसते.

बूट होताना कोणत्या सेवा चालू व्हाव्यात ते बहुतांशी 'आरसी डॉट कॉन्फ' या एका साध्या फाइलीत लिहिलेलं असतं. ती फाइल उघडा, वाचा, अख्खी समजते. आणि फ्रीबीएसडी हँडबुक तर पहिल्या पानापासून क्रमाने वाचता येतं. हे सुख लिनक्सच्या जगात फार कमी ठिकाणी मिळतं.

विरोधी मतं जरूर मांडा. पण 'सगळे लिनक्सच वापरतात' यापलीकडचं कारण द्या.

रातपाळी

असहमत. माझं काम सर्व्हर सांभाळण्याचं आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

शिकणाऱ्याला काय येत नाही यापेक्षा तो कधी सोडून देतो, हे आधी पाहा. बहुतेक जण पहिल्या काही दिवसांतच सोडतात, आणि कारण एकच: वायफाय चालत नाही, आवाज येत नाही, लॅपटॉप झाकला की पुन्हा जागा होत नाही. फ्रीबीएसडीचा वायफाय आधार वर्षानुवर्षं मागे राहिला आहे. तिच्या भावंडात, ओपनबीएसडीत, तर ब्लूटूथ नाहीच, २०१४ मध्ये ते काढूनच टाकलं. ज्या मशीनवर माणूस रोजची कामं करतो त्याच मशीनवर तो शिकतो. आठवड्यातून एकदा उघडायच्या मशीनवर शिकलेलं टिकत नाही.

'फाइल कुणाची ते कळत नाही' हा आक्षेप डेबियन या डिस्ट्रोपुरता तरी खोडून काढतो. तिथल्या 'डीपीकेजी' या पॅकेज साधनाला मोठा 'एस' पर्याय आणि फाइलीचा पत्ता द्या, ती कोणत्या पॅकेजची ते सांगतो. मोठा 'एल' आणि पॅकेजचं नाव द्या, त्याच्या सगळ्या फाइलींची यादी मिळते. सीमारेषा तिथेही आहे, फक्त ती विचारावी लागते.

तुम्ही मागितलेलं 'पलीकडचं' कारण: सर्व्हर, कंटेनर, क्लाउड, बहुतेक राउटर, अँड्रॉइडच्या पोटातला कर्नल, सगळीकडे लिनक्स. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत २०१७ पासून लिनक्सशिवाय दुसरं काही नाही. ही नुसती लोकप्रियता नाही. शिकलेलं दुसऱ्या दिवशी कामाला लागतं, आणि कामाला लागलेलंच लक्षात राहतं.

माझी शिफारस डेबियन. २०२३ च्या डेबियन १२ पासून बंदिस्त फर्मवेअरही (वायफायसारख्या भागांना लागणारं, स्रोत खुला नसलेलं सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे नवख्यांची जुनी मोठी अडचण गेली.

उत्खनक

वायफायचा मुद्दा मान्य. म्हणूनच मी व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) शिका म्हणेन. तिथे हार्डवेअरचा प्रश्नच येत नाही, आणि बिघडवायची भीतीही राहत नाही.

पण 'कामाला लागतं' याची दुसरी बाजू बघा. लिनक्सवर अडचण आली की माणूस शोधतो, वेगवेगळ्या आवृत्त्यांसाठी लिहिलेली दहा उत्तरं सापडतात, त्यातली 'सुडो'ने (पूर्ण अधिकारांनी कमांड चालवणाऱ्या शब्दाने) सुरू होणारी एक ओळ तो टर्मिनलमध्ये चिकटवतो. चाललं तर पुढे, नाही तर पुढची ओळ. नेटवर्कचंच उदाहरण घ्या. लिनक्सवरच्या कितीतरी लेखांत अजून 'आयएफकॉन्फिग' आहे. डेबियन ९ पासून ती कमांड मूळ इन्स्टॉलमध्ये येतच नाही, 'आयपी' वापरावी लागते. बीएसडीत 'आयएफकॉन्फिग' आजही तीच आहे आणि वायफायसुद्धा तीच सांभाळते. जुनं ज्ञान जिथे शिळं होत नाही तिथे मॅन पान वाचायची सवय लागते. ही सवय लागली की पुढे कोणतीही सिस्टीम द्या.

पाटीपेन्सिल

मी शिकवते, त्यामुळे मला दोन्ही बाजू एक पायरी चुकवताना दिसतात. सुरुवातीच्या काळात विद्यार्थ्याला लागतं काय? फाइली आणि डिरेक्टरी, परवानग्या, पाइप, प्रोसेस, शेल (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम), एखादा एडिटर. पॉझिक्स हे युनिक्ससारख्या सिस्टीमांचं मानक १९८८ पासून आहे ते याचसाठी की या गोष्टी सगळीकडे जवळपास सारख्या असाव्यात. मग समोर आहे त्याच मशीनवर सुरुवात का नको?

मॅक असेल तर टर्मिनल उघडा. मॅकओएसला २००७ च्या लेपर्डपासून युनिक्सचं अधिकृत प्रमाणपत्र आहे, जे डेबियनलाही नाही आणि फ्रीबीएसडीलाही नाही. विंडोज असेल तर त्याच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल आहे. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत खराखुरा लिनक्स कर्नल चालतो. पार्टिशन पाडण्याच्या धास्तीनेच शिकणं पुढे ढकलणारे विद्यार्थी मी पाहते. त्यांना 'आधी इन्स्टॉल करा' म्हणणं म्हणजे पोहायला शिकायच्या आधी तलाव खणायला लावणं.

रातपाळी

@पाटीपेन्सिल, शेल शिकण्यापुरतं पटलं. पण दोन खाचखळगे विद्यार्थ्यांना आधीच सांगाच. मॅकवरचा बॅश हा शेल ३.२ वर थांबलेला आहे, कारण त्यापुढच्या आवृत्त्या जीपीएल या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आल्या. २०१९ पासून तिथे मूळ शेल झेडशेल. शिवाय मॅकच्या कमांड्स बीएसडी घराण्यातल्या. 'सेड' या मजकूर बदलणाऱ्या कमांडने फाइल जागच्या जागी बदलताना तिथे बॅकअप फाइलीच्या नावाचं शेपूट वेगळं द्यावं लागतं, रिकामं का होईना. ग्नूच्या 'सेड'ला ते लागत नाही. लिनक्ससाठी लिहिलेली ओळ मॅकवर अडली की नवख्याला वाटतं आपलंच चुकलं.

आणि डब्ल्यूएसएलमध्ये बूटलोडर (कर्नल सुरू करणारा प्रोग्राम) दिसत नाही, डिस्क माउंट होताना दिसत नाही, ड्रायव्हर दिसत नाहीत. तिथे शेल शिकाल. सिस्टीम शिकायची तर दुसरीकडे जावंच लागेल.

पाटीपेन्सिल

जावं लागेलच, पण तोवर शेलची भीती गेलेली असेल. आणि 'सेड'चा फरक मी मुद्दाम शिकवते. कमांड आणि तिची अंमलबजावणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातून जितकं पक्कं बसतं तितकं व्याख्यानातून बसत नाही.

खटपट्या

तिघेही फार जपून चालला आहात. आर्च हा डिस्ट्रो टाका. पार्टिशन हाताने, माउंट हाताने, चेंजरूट (नव्या सिस्टीमला मूळ मानून तिच्यात शिरणं) हाताने, बूटलोडर हाताने. किंवा स्लॅकवेअर घ्या. १९९३ पासून चालू असलेला, आज हयात डिस्ट्रोंमधला सर्वांत जुना. त्याची मूळ पॅकेज साधनं अवलंबित्व सोडवून देत नाहीत, कोणत्या प्रोग्रामला कोणती लायब्ररी लागते हे तुम्हालाच शोधावं लागतं. एवढं केल्यावर काय कुठे आहे हे कुणी सांगावं लागत नाही.

उत्खनक

@खटपट्या, आर्चचा विकी मीही वापरतो, लिनक्सबद्दलचं इतकं चांगलं लिखाण दुसरं नाही. पण इन्स्टॉल करणं ही एका संध्याकाळची गोष्ट. विकीतल्या ओळी क्रमाने टाइप केल्या की ती संपते, आणि समजलं किती हा प्रश्न उरतोच. शिवाय आर्च सतत बदलत राहतो. अपडेट करण्याआधी प्रकल्पाच्या सूचना वाचाव्यात ही तिथली अपेक्षा आहे, आणि ज्याला अजून सूचनेतले शब्दच कळत नाहीत त्याच्यावर ती लादणं मला बरोबर वाटत नाही. दुसरी सिस्टीम म्हणून आर्च उत्तम.

नवशिका

सगळं वाचलं आणि गोंधळ वाढला. माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी मेमरी. पुढे सर्व्हरचं काम करायचं आहे. एकच उत्तर द्या ना.

रातपाळी

डेबियन, हलक्या डेस्कटॉपसह, एक्सएफसीई चालेल. तुम्हाला सर्व्हरचं काम करायचंय म्हटल्यावर माझ्या मनात दुसरा विचारच येत नाही.

उत्खनक

माझं मत बदललेलं नाही, पण लॅपटॉपच्या बाबतीत रातपाळींचं ऐका. फ्रीबीएसडी त्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये, डेस्कटॉपशिवाय, अर्ध्या जीबीतही चालेल. नंतर घ्या, पण घ्या.

सिस्टीम कोणतीही निवडा, या गोष्टी मात्र हाताने करा. नवा यूजर तयार करून त्याला मोजक्याच परवानग्या द्या. एसएसएचचा पासवर्ड बंद करून फक्त किल्लीने आत या. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेतून) रोजचा बॅकअप लावा, आणि तो परत आणूनही बघा. दुसरा भाग बहुतेक जण करतच नाहीत. शेवटी 'एफएसटॅब'मध्ये (बूट होताना कोणत्या फाइलसिस्टीम जोडायच्या त्याच्या यादीत) मुद्दाम चुकीची ओळ घालून मशीन अडकवा आणि सोडवा. फ्रीबीएसडीत सिंगल यूजर या दुरुस्तीच्या अवस्थेत मूळ फाइलसिस्टीम फक्त वाचण्यापुरती मिळते. ती यूएफएस प्रकारची असेल तर 'माउंट'ला 'यू' पर्याय देऊन ती लिहिण्याजोगी करायची, ओळ दुरुस्त करायची, रीबूट. एकदा हे केलं की बूट होताना काय काय घडतं ते पुन्हा शिकवावं लागत नाही.

रातपाळी

शेवटच्या प्रयोगाला पूर्ण पाठिंबा, पण @नवशिका, डेबियनवर करणार असाल तर एक गोष्ट आधी बघा. इन्स्टॉल करताना रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड रिकामा सोडला तर रूट खातं कुलूपबंद होतं आणि रोजचं काम सुडोवर चालतं. एरवी ते ठीकच आहे. पण 'एफएसटॅब' बिघडून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये गेलं की ते रूटचाच पासवर्ड मागतं, आणि खातं बंद असल्यामुळे आतच घेत नाही. मग ग्रब या बूटलोडरमध्ये कर्नलच्या ओळीला 'इनिट' (सर्वांत आधी सुरू होणारा प्रोग्राम) म्हणून थेट बॅश द्यावा लागतो, मूळ फाइलसिस्टीम लिहिण्याजोगी करून पुन्हा माउंट करावी लागते, आणि त्यानंतर कुठे ती ओळ सुधारता येते. तो मार्गही शिकण्यासारखा आहे, पण पहिल्याच खेपेला नको. रूटला पासवर्ड द्या, प्रयोग आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये करा, आणि ओळ बिघडवण्यापूर्वी स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) घ्या.