पाकोळी की भिंगरी?

प्रश्न : 'पाकोळी' म्हणजे नेमकं काय? कोकणातल्या आमच्या घरी तिन्हीसांजेला माळ्यावरून निघणाऱ्या लहान वटवाघळाला आजी पाकोळी म्हणायची. पक्ष्यांच्या पुस्तकात पाकोळी म्हणजे स्विफ्ट. आणि विजेच्या तारेवर ओळीने बसणाऱ्या स्वॅलोला कुणी पाकोळी म्हणतं, कुणी भिंगरी. बरोबर कोण?

उत्तर : आजी चुकल्या नाहीत. अंधार पडताना उडत्या किड्यांमागे भिरभिरणारं ते पाकोळी, एवढाच बोलीतला हिशोब. पण पक्ष्यांबद्दल लिहिताना स्विफ्टला पाकोळी आणि स्वॅलोला भिंगरी हा भेद पाळावा, असं मला मनापासून वाटतं.

दोघी दिसायला बहिणी. कोयत्यासारखे पंख, उडता उडता किडे टिपणं. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसही फसला होता. 1758 मध्ये त्याने पाकोळीला भिंगऱ्यांच्याच प्रजातीत (genus), म्हणजे अगदी जवळच्या नातलगांच्या गटात घातलं. प्रत्यक्षात त्याहून मोठा गट, म्हणजे कुल, तर वेगळं आहेच, त्याच्या वरचा गणही वेगळा. भिंगरीचे नातलग चिमण्या-बुलबुल, पाकोळीचे थेट अमेरिकेतले हमिंगबर्ड. हवेतच पोट भरायचं म्हटल्यावर दोघींची अंगलट वेगवेगळ्या वाटेने एकसारखी होत गेली.

ओळखायचं पायांवरून. पाकोळीचे पाय इवलेसे, नख्या खडबडीत भिंतीला लटकण्यापुरत्या. तारेवर तिला बसता येत नाही. तिचं शास्त्रीय नाव 'एपस', म्हणजे ग्रीकमध्ये बिनपायाची. तेव्हा तारेवर बसलेली दिसली की ती भिंगरीच. ('तारवाली भिंगरी' हे नाव मात्र तिच्या शेपटीतल्या तारेसारख्या दोन पिसांवरून आलंय.) घरटंही बघा. भिंगरी चिखलाचे गोळे रचते. पाकोळी हवेत सापडलेली पिसं, काड्या थुंकीने चिकटवते; ताडपाकोळी तर ताडाच्या पानाला खालून. वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवरच्या गुहांतही पाकोळ्याच राहतात.

प्रश्न : मग 'पायाला भिंगरी' या पक्ष्यावरूनच का?

उत्तर : नाही, ती गरगर फिरणारी भिंगरी, मुलांचं खेळणं. पक्ष्यालाही नाव त्याच्या गिरक्यांवरून पडलं असावं. पण पाय न टेकता भटकण्यात पाकोळीच पुढे. युरोपातल्या काही पाकोळ्या विणीचा काळ सोडून सलग 10 महिने हवेत राहिल्याचं 2016 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नोंदवलंय. झोपही बहुधा उडतानाच.