मौलाना वस्तानवींबद्दल २०११ च्या वादापलीकडे काय वाचावं?

नर्मदाकाठ: मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी मे २०२५ मध्ये गेले तेव्हापासून त्यांच्यावर काहीतरी नीट लिहायचं मनात आहे, पण जिथे शोधावं तिथे २०११ मध्ये ते देवबंदच्या मदरशाचे प्रमुख झाले तेव्हाचा वाद, मोदी, राजीनाम्याची मागणी, हेच. माणसाने आयुष्यभर नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्यात काम केलं आणि आपल्या मराठीत त्याबद्दल चार ओळी सापडू नयेत? कुणाला त्यांच्या शिक्षणाबद्दल, संस्थेबद्दल माहिती असेल तर सांगा प्लीज.

खानदेशी_वाचक: जन्म १९५० चा, सुरत जिल्ह्यातलं कोसाडी गाव, नंतर घरचे वस्तानला राहायला गेले, त्यावरूनच वस्तानवी. गुजरातमध्ये सुरुवातीचं शिक्षण झालं, मग सहारनपूरच्या मजाहिर उलूम मदरशात हदीसचं, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचं, तिथून परत येऊन काही वर्षं भरूचकडे शिकवलं. १९७९ मध्ये अक्कलकुव्यात जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केलं. तेव्हा नंदुरबार जिल्हाच नव्हता, तो १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी अगदी कोपऱ्यातला आदिवासी तालुका आणि तिथे हा माणूस मदरसा काढतोय. मोठं शहर सोडून तिथे बसणं हाच मला त्यांचा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो. आज त्याच संस्थेची फार्मसी, युनानी, डीएड, बीएड, आयटीआय अशी कॉलेजं आहेत आणि जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ एमबीबीएसचंही कॉलेज उभं राहिलं.

तालिबेइल्म: वरच्यात एक भर घालतो कारण कॉलेजांच्या यादीत मूळ गोष्ट हरवते. मौलाना आधी दीनी तालीमवाले, म्हणजे धार्मिक शिक्षण देणारे होते, बाकी सगळं त्यावर उभं राहिलं. हिफ्जचा, म्हणजे कुराण तोंडपाठ करण्याचा वर्ग कसा चालतो ते बघा, पोरगं सकाळी उस्तादासमोर नवीन सबक (धडा) तोंडपाठ म्हणून दाखवतं, मग गेल्या काही दिवसांचं, मग आमोख्ता म्हणजे आधी पाठ झालेले कुराणाचे जुने भाग (पारे), एक जबर-जेर (स्वरचिन्ह) चुकली तरी उस्ताद तिथेच थांबवतो आणि मागून परत. असे तीस पारे. त्यात काही वर्षं जातात आणि मग प्रश्न पडतो की हाफिज झाला, म्हणजे अख्खं कुराण पाठ झालं, पुढे काय? दस्तारबंदी झाली, पगडी बांधली, घरच्यांना अभिमान वाटला, पण पोट? बहुतेक मदरसे हा प्रश्न मुलावर सोडून देतात. मौलानांनी तो संस्थेने सोडवायचा ठरवला, त्याच आवारात हिफ्जही आणि सरकारमान्य डिग्रीही. हे माझ्या मते त्यांचं खरं काम.

नर्मदाकाठ: व्वा, हेच हवं होतं. मग देवबंदचं प्रकरण लेखात घेऊच नको का?

खानदेशी_वाचक: घ्या, पण लेखाचा एखादा परिच्छेद द्या त्याला, जास्त नको. जानेवारी २०११ ला उत्तर प्रदेशातल्या दारुल उलूम देवबंदचे मोहतमीम, म्हणजे प्रमुख झाले, तिथे या पदावर गुजरातचा माणूस पहिल्यांदाच आला होता. लगेच गुजरातमधल्या मुसलमानांच्या स्थितीवरच्या मुलाखतीवरून, ती मोदींची स्तुती मानली जाऊन, गदारोळ झाला, त्यांचं म्हणणं होतं की आपल्या बोलण्याचा विपर्यास केला गेला. जुलैत शूराने, म्हणजे संस्थेच्या कारभारी मंडळाने, पदावरून काढलं, मौलाना अबुल कासिम नोमानी आले. सगळं मिळून सात महिनेसुद्धा नाहीत.

तालिबेइल्म: थोडा असहमत. परिच्छेदापेक्षा जास्त द्यावं लागेल, कारण १८६६ पासूनच्या दारुल उलूममध्ये आधुनिक शिक्षणाला किती जागा द्यायची ही चर्चा त्यांच्या नावामुळे देशभर झाली. आणि पद गेल्यावर ते अक्कलकुव्याला परतले, काम चालूच ठेवलं, शेवटपर्यंत तिथेच राहिले, हे मात्र कुणी लिहित नाही. तुम्ही लिहा. जमलं तर तिथून शिकून बाहेर पडलेल्या फार्मासिस्ट, शिक्षक झालेल्या हाफिजांशी बोला, त्यांच्याकडून जे मिळेल ते मुलाखतींच्या कात्रणांतून मिळणार नाही.

नर्मदाकाठ: बोलतो नक्की. पावसाळा संपला की जाऊन येतो आणि लेख झाला की इथेच टाकतो.