समा भागातल्या बैठ्या घरात पुराचे पाणी शिरू नये म्हणून काय करावे, आणि महानगरपालिकेकडे काय मागावे?

समा_टेनामेंट

नमस्कार. वडोदऱ्यातल्या समा भागात आमचे जुने, बैठे टेनामेंट आहे. 31 जुलै 2019 रोजी शहरावर एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस कोसळला, तेव्हा पाणी आमच्या ओटल्याच्या दुसऱ्या पायरीवर येऊन थांबले होते. त्यामुळे आपले घर पुरेसे उंच आहे असे आम्ही धरून चाललो होतो. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस मात्र विश्वामित्री नदी काळाघोड्याच्या पुलापाशी 37 फुटांच्या आसपास चढली, म्हणजे 26 फुटांच्या धोक्याच्या खुणेपेक्षा सुमारे 11 फूट वर, आणि आमच्या घरात साडेतीन फूट पाणी तीन दिवस उभे राहिले. सासूबाईंनी देव पदरात घेतले आणि आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलो. फ्रिज, गाद्या, मुलीची पुस्तके, काहीच वाचले नाही.

पाणी आधी पुढच्या दारातून आले नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. न्हाणीघराच्या जाळीतून काळे पाणी बुडबुडत वर आले, पाठोपाठ संडासातून आले, आणि बाहेरचे पाणी उंबरठ्याला लागण्यापूर्वीच बैठकीच्या खोलीत घोटाभर पाणी साचले होते. आता यजमान म्हणतात की कंपाउंडची भिंत चार फूट उंच बांधून फाटकाला लोखंडी पत्रा बसवू. त्यासाठी साठवलेले सगळे पैसे जातील. हा खर्च योग्य ठरेल का, आणि एकट्या घराच्या संरक्षणासाठी महानगरपालिकेकडून काही साहाय्य मिळू शकते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_स्थापत्य

ताई, भिंतीचा निर्णय तूर्त थांबवा. मी आयुष्यभर नाल्या आणि मलवाहिन्यांचे काम केले आहे. आपल्याकडचे पाणी कसे चढते ते आधी पाहू. पावागडाच्या परिसरात आणि आजवा तलावाच्या पाणलोटात मोठा पाऊस झाला की विश्वामित्री भरते. शहराचे पावसाळी पाणी ज्या काँसांमधून, म्हणजे मोठ्या नाल्यांमधून, नदीत जाते, तुमच्या बाजूची भूखी काँस त्यांपैकीच एक, त्यांची तोंडे नदीच्या पातळीखाली जातात. मग काँसेतले पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे फिरते. मलवाहिनीचेही तेच होते. म्हणूनच डोक्यावर ऊन पडलेले असताना लोकांच्या घरात पाणी शिरते. तुमच्या न्हाणीघराच्या जाळीतून आले ते हेच परतलेले पाणी होते, आणि कंपाउंडची भिंत कितीही उंच बांधली तरी ते अडणार नाही.

पहिला खर्च घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये, रस्त्यावरच्या वाहिनीला जोड मिळण्यापूर्वी, चांगल्या प्रतीचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवण्यावर करावा. व्हॉल्व्ह बंद असताना तुमचेही सांडपाणी बाहेर जाणार नाही, त्यामुळे त्या काळात नळ आणि संडास वापरायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. न्हाणीघर, मोरी आणि मागची चोकडी (धुण्याभांड्याची जागा) यांच्या जाळ्यांना घट्ट बसणारी रबरी बुचे करून ठेवावीत. जमिनीखालच्या टाकीचे झाकण आणि तिचा ओव्हरफ्लोचा पाइप बहुतेक जण विसरतात. तेथून एकदा घाण पाणी शिरले की पूर ओसरल्यावरही प्यायला पाणी उरत नाही.

आता दाराविषयी. पाण्याचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीन फूट रुंदीच्या दारावर दोन फूट पाणी चढले तर सुमारे 170 किलोचा रेटा पडतो, आणि एक मीटर चढले तर तोच रेटा 450 किलोच्या जवळ जातो. भिंतीवर तर दर मीटर लांबीला अर्धा टन येतो. साडेचार इंची विटांची जुनी भिंत एवढ्यासाठी बांधलेली नसते. म्हणून दाराच्या चौकटीत दोन्ही बाजूंना खाच करून रबरी पट्टीसह बसणारी अॅल्युमिनियमची फळी लावावी, पण तिची उंची दोन फुटांच्या वर नेऊ नये. पाणी त्याहून चढू लागले तर ते आत येऊ देणे हेच घराच्या हिताचे असते, कारण आतबाहेरची पातळी सारखी झाली की भिंतीवरचा रेटा उरत नाही. 2024 सारख्या पुरात तुमची फळी बुडणारच आहे, हे मी स्पष्ट सांगतो. 2019 सारख्या पुरात मात्र ती घर कोरडे ठेवू शकेल.

डर्बीशायरची_मावशी

माझी भाची इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात राहते, म्हणून तिकडची पद्धत थोडक्यात सांगते. ऑक्टोबर 2023 मधल्या बाबेट वादळानंतर आणि जानेवारी 2024 मधल्या हेंक वादळानंतर तेथील सरकारने ठरावीक भागांतल्या पूरग्रस्त घरांना प्रत्येकी 5,000 पौंडांपर्यंत अनुदान दिले, आणि ते स्थानिक कौन्सिलमार्फत वाटले गेले. आधी जाणकार घर पाहून पाणी कोठून शिरते याचा अहवाल देत असे, मग दाराच्या फळ्या, व्हॉल्व्ह, हवेच्या झरोक्यांची झाकणे अशा कामांना पैसे मिळत. पाणी शेवटी आत आलेच तर घर लवकर सावरावे, यासाठीही ते वापरता येत. मला ही दुसरी बाजू फार महत्त्वाची वाटते. विजेची बटणे चार-साडेचार फुटांवर घेणे, तळमजल्याचे सर्किट वेगळे करून त्याला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) लावणे, प्लायवूडच्या ओट्याऐवजी कडप्प्याचा ओटा करणे, ही कामे दुरुस्तीच्या ओघातच करून घेता येतात.

कारेलीबाग_सेक्रेटरी

मावशींनी सांगितलेल्या अनुदानासारखे साहाय्य आपल्याकडे मिळाले तर मला मनापासून आनंदच होईल. आपल्याकडची मदत मुख्यतः नुकसान झाल्यानंतरची असते. कॅशडोल (रोख मदत) आणि घरवखरी (घरसामानाची मदत) यांचा उपयोग नक्कीच झाला, पण त्या पैशांतून पुढच्या पुराची तयारी होत नाही. तरीही एक रस्ता आहे, आणि तो एकट्या घरासाठी नसून सोसायटीसाठी आहे. राज्य सरकारच्या जनभागीदारी योजनेत खासगी सोसायटीच्या आतल्या रस्ते, पाणी, गटार अशा कामांचा 70 टक्के खर्च राज्य, 20 टक्के रहिवासी आणि 10 टक्के महानगरपालिका उचलते. त्यासाठी सोसायटीचा ठराव आणि रहिवाशांची संमती गोळा करून वॉर्ड कार्यालयात अर्ज द्यावा लागतो.

या योजनेत एक धोका आहे आणि तो मी स्वतःच्या सोसायटीत अनुभवला आहे. सगळ्यांना पेव्हर ब्लॉकचा रस्ता हवा होता. जुन्या डांबरावरच नवा थर टाकला गेला, रस्ता सात इंच वर आला, आणि ज्या घरांचे जोते मुळातच कमी होते त्यांच्या ओटल्याची एक पायरी रस्त्याने गिळली. साध्या पावसातही आता त्यांच्या अंगणात पाणी येते. ठरावात दोन वाक्ये अवश्य लिहा: जुना थर पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवा टाकू नये, आणि सोसायटीची पावसाळी वाहिनी जेथे मुख्य वाहिनीला मिळते तेथे झडप बसवावी. ही एक झडप तीस घरांच्या उपयोगाची आहे.

वेळही सांभाळा. महानगरपालिकेचे आयुक्त जानेवारीच्या अखेरीस अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, म्हणून आपले पत्र दिवाळीच्या आसपासच चारही नगरसेवकांच्या हाती पडले पाहिजे. मे महिन्यात धावपळ करणाऱ्याला आश्वासनाखेरीज काही मिळत नाही. पत्रात भावना कमी आणि मोजमाप जास्त असावे: कोणत्या घरात किती इंच पाणी, किती तास, आणि आधी कोठून आले.

विमा_प्रतिनिधी

एप्रिल 2021 पासून सर्व साधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी देतात आणि तिच्यात पुराचा समावेश आहे. घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, सामानही आपोआप धरले जाते. वस्तूंच्या पावत्यांचे फोटो फोनखेरीज बाहेरगावच्या नातेवाइकाकडेही ठेवा.

समा_टेनामेंट

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांनी निवृत्त काकांचा हिशेब दोनदा वाचला आणि भिंतीचा विचार सोडला. काल आम्ही पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी मोजली, तेव्हा आमचा उंबरठा रस्त्यापेक्षा फक्त 14 इंच उंच निघाला. बैठकीच्या भिंतीवर गाळाची रेघ अजून आहे. दसऱ्याला घराला रंग द्यायचा होता, पण सोसायटीतल्या सगळ्या घरांतल्या अशा रेघा मोजून आणि त्यांचे फोटो काढून झाल्यावरच रंगाऱ्याला बोलावणार आहे. व्हॉल्व्हची देखभाल कशी करायची, एवढे कृपया सांगावे.

निवृत्त_स्थापत्य

दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात चेंबर उघडून झडपेच्या बिजागरीत अडकलेले केस, चिंध्या आणि तेलकट गाळ काढावा, झडप हाताने उघडमीट करून पाहावी आणि रबर कडक झाले असल्यास बदलावे. चेंबरचे झाकण जड असते, दोघांनी मिळून उचला. पूर ओसरल्यानंतर मात्र उघड्या चेंबरमध्ये किंवा गाळात हात घालू नका. समा ते फतेहगंज भागात मगरी अंगणापर्यंत येतात; एखादी दिसल्यास वन विभागाला फोन करावा आणि त्यांची माणसे येईपर्यंत मुलांना गच्चीवरच ठेवावे.